दह्याच्या मडक्यातली आखाजी

श्रीलंकेत सायकलवरचा माणूस एका हाताने हँडल धरतो, दुसऱ्या हाताने छत्री, आणि समोरून बस आली की मानेनेच तिला बाजूला व्हायला सांगतो. बसही ऐकते. विमानतळावरून निघाल्यावर पहिल्या अर्ध्या तासात मी असे सतरा-अठरा सायकलवाले पाहिले. एकही पडला नाही आणि एकही भिजला नाही. भिजलो ते आम्ही दोघं, मी आणि आबा, तेही गाडीपर्यंतच्या वीस पावलांत. आमच्या नव्याकोऱ्या घडीच्या छत्र्या बॅगेच्या तळाशी होत्या.

आबा म्हणजे माझे वडील. सुरतेच्या एका डाइंग मिलमध्ये फोल्डिंग खात्यात त्यांनी पस्तीस वर्षं काढली. रंगून, छापून, वाळून आलेलं कापड मोजायचं, डाग बघायचे, घडी घालायची. रिटायर होऊन नऊ वर्षं झाली, पण जगाकडे बघायची नजर अजून तीच आहे. गाडी नारळांच्या रांगांतून निघाली तेव्हा पाऊस बारीक होता. आबांनी काचेवर बोट ठेवलं.

"हाई शिफॉन शे," ते म्हणाले.

आम्ही घरात अहिराणी बोलतो. म्हणजे आबा आणि माय बोलायचे आणि मी मराठीत उत्तरं द्यायचे, कारण मी महापालिकेच्या मराठी शाळेत शिकवते आणि जीभ शाळेतच राहते. दहा मिनिटांनी थेंब मोठे झाले. "आते जॉर्जेट," आबा म्हणाले. आणि एका वळणानंतर काचेबाहेर काहीच दिसेनासं झालं, तेव्हा त्यांनी मान हलवली. "हाऊ तं कापडना पुरा ताका सोडी दिधा कोनी."

आमचा ड्रायव्हर हसला. त्याला शब्द कळले नव्हते, सूर कळला होता. पंचावन्नच्या आसपासचा, पोट सुटलेला, आनंदी माणूस. तरुणपणी बरीच वर्षं आखातात एका गुजराती माणसाच्या दुकानात काम केलेलं, म्हणून हिंदी यायची. मला तो 'मिस' म्हणायचा, कारण मी शिक्षिका आहे हे कळल्यावर त्याच्या मते दुसरं काही म्हणताच येत नव्हतं. आबांना 'अंकल'.

"भाई, बारिश कब रुकेगी?" आबांनी विचारलं.

"अंकल, अभी बारिश कहाँ है? अभी तो पेड़ का पानी गिर रहा है."

तो खरोखरच तसं मानत होता की आमची फिरकी घेत होता, हे आठ दिवसांत मला समजलं नाही.

आम्ही तिथे का गेलो, ते सांगायला हवं. माय घरी साड्यांचं काम करायची. मार्केटमधून गठ्ठे यायचे. लोंबणारे धागे कापायचे, घडी घालायची, खोक्यात ठेवायची आणि वर छापील फोटो लावायचा. एका वर्षी पोपटी जॉर्जेटचा माल आला. त्यावरच्या फोटोत एक बाई पोपटी साडी नेसून धबधब्यासमोर उभी होती. पाणी तिच्या खांद्यामागून कोसळत होतं आणि तिच्या निऱ्या कडक इस्त्रीच्या. माय तो फोटो हातात घेऊन किती वेळ बसली होती.

"ही भिजत कशी नही व?"

माल आणणारा म्हणाला, मावशी, हे फोटो लंकेत काढलेत.

"लंकामां? सीता जठे रडनी तठे ही दात काढी ऱ्हायनी!"

तो फोटो तिने कपाटाच्या दाराला आतून चिकटवला. पुढची अकरा-बारा वर्षं कपाट उघडलं की धबधबा. कुणी फिरायला जायचा विषय काढला की ती म्हणायची, मी तर रोज जाते, कपाट उघडलं की झालं.

गेल्या दिवाळीनंतर ती गेली. मेची सुट्टी जवळ आली तशी मला घरात राहण्याची भीती वाटू लागली. आबा दिवसभर टीव्हीसमोर बसायचे, आवाज बंद करून. एके दिवशी मी कपाट उघडलं, फोटो काढून त्यांच्या मांडीवर ठेवला आणि म्हटलं, जाऊ या. त्यांनी फोटो उलटा करून मागची बाजू तपासली, जणू तिथे डाग असेल. मग म्हणाले, "मसाला लई ले संगे."

तो मसाला म्हणजे मायने कुटलेला शेवटचा काळा मसाला. आबांनी एका डब्यात घट्ट बांधून घेतला होता आणि हॉटेलात भात-आमटी आली की चिमूटभर टाकायचे. पहिल्याच जेवणाला ड्रायव्हरने ते पाहिलं.

"अंकल, आप गुजरात वाला ना? गुजरात वाला तो दाल में भी चीनी डालता है. मेरा सेठ डालता था. इधर का मिर्ची आप से नहीं होगा."

आबांचा चेहरा पडला. सुरतेत आयुष्य गेलं तरी आपल्याला कुणी गोड डाळीचा माणूस समजेल, असं त्यांना वाटलं नव्हतं. "मी खान्देशना शे," ते त्याला म्हणाले, सरळ अहिराणीत. त्याने आदराने मान हलवली. त्याला वाटलं असावं, ही एखादी पदवी आहे.

डोंगरात आम्ही तीन दिवस धबधबे पाहिले. खरं तर एकच धबधबा शोधत होतो, आणि मला आधी वाटलं होतं तितकं ते सोपं निघालं नाही, कारण त्या बेटावर डोंगराला जिथे जरा जागा मिळाली तिथे धबधबा आहे. चहाच्या मळ्यांमधून, देवळाच्या मागून, एका ठिकाणी तर कुणाच्या न्हाणीघराच्या भिंतीवरून. आबा प्रत्येक ठिकाणी गाडीतून उतरायचे, प्लास्टिकच्या पिशवीतला फोटो काढायचे, एक डोळा मिटून जुळवायचे आणि परत यायचे.

"हाऊ नही. त्या फोटोमां डाव्या हातले दगड शे."

"अंकल, पत्थर तो इधर भी है."

"उजव्या हातले शे तो."

ड्रायव्हर माझ्याकडे बघायचा. "मिस, वॉटरफॉल तो मैं सौ दिखाऊँगा. लड़की कहाँ से लाऊँ?"

तिसऱ्या दिवशी दुपारी डावीकडे दगड असलेला धबधबा सापडला. तोच होता की नव्हता, शपथेवर सांगता येणार नाही. धुकं इतकं होतं की धबधबा ऐकू येत होता पण अर्धाच दिसत होता. आबा रेलिंगपर्यंत गेले. मीही गेले. वाऱ्याची एक झुळूक आली आणि तुषारांनी आम्ही दोघं डोक्यापासून चपलांपर्यंत भिजलो. माझा चष्मा गेला, म्हणजे त्यातून दिसेनासं झालं. आबा चेहऱ्यावरून हात फिरवत उभे राहिले. मग फोटोकडे बघून म्हणाले, "माणूस भिजसच अठे."

इतक्या वर्षांनी मायच्या प्रश्नाला उत्तर मिळालं होतं. आबा बाहेर शर्ट पिळत होते, तेवढ्यात गाडीत ड्रायव्हरने मला आणखी माहिती दिली. त्याने असे पुष्कळ शूटिंगवाले फिरवले होते. "मिस, वो लड़की आती भी नहीं. वॉटरफॉल अलग, लड़की अलग, बाद में कंप्यूटर में चिपकाते हैं." हे मी आबांना सांगितलं नाही. माय असती तर तिला नक्की सांगितलं असतं. ती पोट धरून हसली असती.

आम्ही टपरीवर चहा प्यायला थांबलो आणि तिथेच मावशीचा फोन आला. मावशी, मायची धाकटी बहीण, धुळ्याला असते. मी स्पीकर लावला, कारण आबांना तिचा आवाज आवडतो.

"काय व, घागर लिधी का?"

"कसली घागर?"

"कसानी घागर म्हनस! परवा आखाजी शे. पह्यली आखाजी तुनी मायनी. कथा शेतस तुम्ही?"

"लंकेत."

मावशीने दोनदा विचारून घेतलं. मग म्हणाली, "आबाले दे." पण आबांनी हातानेच नको म्हटलं आणि कप खाली ठेवला.

अक्षय्य तृतीयेला आम्ही आखाजी म्हणतो. खान्देशात तो पितरांचा दिवस. घरातलं माणूस गेल्यावर जी पहिली आखाजी येते, तिला त्याच्या नावाने मातीची कोरी घागर पाण्याने भरायची, वर आंबा ठेवायचा, पुरणपोळी-रसाचं ताट करायचं आणि गेलेल्या माणसाच्या जागी कुणाला तरी बसवून पोटभर जेवू घालायचं. गेलेली बाई सवाष्ण असेल तर सवाष्णीला. आमच्याकडे उन्हाळा जबर. मेलेल्या माणसालाही तहान लागते, आणि ही घागर त्याला वर्षभर पुरते. पहिली घागर चुकली तर वर्षभर कोरडं.

आणि ती मी चुकवली होती. दर डिसेंबरला मायच मराठी कॅलेंडर विकत आणायची आणि स्वयंपाकघराच्या दाराजवळ खिळ्याला लावायची. या वर्षी खिळा रिकामा राहिला. तिकिटं मी मोबाइल बघून काढली. मोबाइलला तारखा सगळ्या ठाऊक असतात, तिथी एकही नाही. आमच्या गल्लीत आखाजीच्या आठवडाभर आधी मडकीवाले येतात, ते ओरडले असते तरी आठवलं असतं. पण आम्ही त्याच्या आधीच निघालो होतो. परतीचं विमान आखाजीनंतर दोन दिवसांनी होतं.

एरवी कुणी म्हणालं असतं, पुढच्या वर्षी भरा. पण आबांना ते का चालणार नव्हतं, हे मला माहीत होतं. शेवटच्या चार महिन्यांत मायची किडनी गेली होती. दिवसाला किती पाणी द्यायचं, ते डॉक्टरांनी ठरवून दिलं होतं, आणि ते फार थोडं होतं. आबांनी घरातला एक स्टीलचा ग्लास घेतला आणि मिलमध्ये ताक्यांवर नंबर टाकायला जी न पुसणारी शाई वापरायचे, तिने त्यावर एक काळी रेघ ओढली. त्या रेघेच्या वर पाणी जाऊ द्यायचं नाही. माय मागायची. आधी रागावून, मग थट्टेने, मग नुसती बघून. आबा रेघेशी थांबायचे. मी शाळेत जायचे, दार ओढून घ्यायचे. ते मात्र दिवसभर तिथेच असायचे. त्यांनी बरोबर तेच केलं जे करायला सांगितलं होतं, आणि त्यासाठी त्यांनी स्वतःला माफ केलेलं नव्हतं.

टपरीच्या पत्र्यावरून पाण्याच्या दोऱ्या लोंबत होत्या. रस्त्यावरून पाणी वाहत होतं, गटार भरून वाहत होतं, समोरच्या केळीच्या प्रत्येक पानावरून पाणी वाहत होतं.

"अठे इतलं पानी शे," आबा म्हणाले.

ड्रायव्हरला मी सगळं समजावून सांगितलं. त्याने दोनच प्रश्न विचारले. मडकं केवढं हवं, आणि आंबा कुठला. मग म्हणाला, "मिस, कल हम नीचे साउथ में जाएगा. उधर मटका ही मटका है. दही का."

खाली दक्षिणेला रस्त्याच्या दोन्ही बाजूंना म्हशीच्या दह्याची दुकानं आहेत. दही तिथे लालसर मडक्यांत लावतात, मडक्यासकट विकतात आणि घरी नेल्यावर लोक मडकं फेकून देतात. दुकानांपुढे उतरंडी लावलेल्या. ते पाहून मला सुरतेचा आखाजीचा बाजार आठवला आणि एकदम हलकं वाटलं. रस्त्यात एके ठिकाणी मोठ्या कढईत माडाच्या रसाचा पाक उकळत होता, त्याच्या वासाने आबा सावरून बसले. "चलथाण," ते म्हणाले. चलथाणच्या साखर कारखान्यावरून गाव गाठताना बसच्या खिडकीतून नेमका हाच वास यायचा. आदल्या संध्याकाळपासून त्यांचा हा पहिलाच शब्द.

आम्ही एका छोट्या घरगुती गेस्टहाऊसमध्ये उतरलो. मालकीण साठीची असावी. गोल चेहरा, फुलाफुलांचा झगा, कानात सोन्याच्या कुड्या, केसांना तेल. अंगणात विहीर, मागे फणस. आबा थकले होते, म्हणून त्यांना तिथेच ठेवून मी आणि ड्रायव्हर मडकी आणायला निघालो. जाताना आबांनी ड्रायव्हरला अडवलं.

"भाई, इधर शादी वाली औरत कैसे पहचानते हो?"

त्यांचा प्रश्न खरा होता. त्या भागात कुंकू नाही, मंगळसूत्र नाही, जोडवी नाहीत. आमच्या गल्लीत बाई दहा पावलांवर असतानाच कळतं. इथे सवाष्ण शोधायची कशी?

ड्रायव्हरने विचार केला. "अंकल, पूछना पड़ता है."

दह्याच्या दुकानात भलताच गोंधळ झाला. आम्हाला कोरं मडकं हवं होतं. दह्याचं धुऊन घेतलेलं चालणार नव्हतं. दुकानदाराच्या मागे कुंभाराकडून आलेल्या रिकाम्या मडक्यांची चळत होती, त्यातलं एक मोठं आणि एक लहान मी मागितलं. दही नको म्हटल्यावर त्याचा चेहरा उतरला. त्याने चमचाभर दही माझ्या तळहातावर ठेवलं. मी खाल्लं, छान आहे म्हटलं. मग का नको? ड्रायव्हर त्याला सिंहलीत समजावत होता, तो पुन्हा चमचा पुढे करत होता. शेवटी ड्रायव्हरने बोलता बोलता वर आभाळाकडे बोट केलं आणि दोन्ही हात जोडले. दुकानदाराने चमचा खाली ठेवला. मडकी पुसून, वर्तमानपत्रात गुंडाळून दिली, आणि एक दह्याचं मडकं वर ठेवलं. ते त्याच्याकडून, मायसाठी. मी नको म्हणू शकले नाही.

हरभऱ्याची डाळ मिळाली. गूळ मिळाला, तो माडाचा, काळाकुट्ट. मैदा मिळाला, आंबे मिळाले. परत आले तेव्हा आबा पोर्चमध्ये खुर्चीवर बसून बनियन वाळवत होते, म्हणजे ओल्या हवेत नुसतं धरून बसले होते.

"मालकीनले सांगं मी," ते म्हणाले. "उद्या जेवाले ये म्हनं. हा म्हने."

"कुठल्या भाषेत सांगितलंत?"

"आपली."

"आणि ती सवाष्ण आहे का, विचारलंत?"

"हा," आबा म्हणाले, आणि बनियन उलटं करून दुसरी बाजू वाळवू लागले.

मला बरं वाटलं. आबा अशा गोष्टींत कधी सवलत देत नाहीत. मायच्या दहाव्याला तीळ काळेच आहेत ना हे पाहायला त्यांनी पुडी उघडून एक-एक दाणा निवडला होता, त्यात दोन पांढरे निघाले तर नवी पुडी आणवली. त्यांनी विचारलं म्हणजे विचारलं.

आखाजीच्या सकाळी पाऊस थांबला. आठ दिवसांतली ती एकच कोरडी सकाळ. आबांना घागर पावसाच्या पाण्याने भरायची होती, उघड्या अंगणात ठेवून, वरून थेट. ते मडकं घेऊन अंगणात उभे, आणि वर निळं आभाळ. ड्रायव्हर त्यांच्या शेजारी येऊन उभा राहिला.

"अंकल, आज तो पेड़ का पानी भी बंद है."

शेवटी विहीर होतीच. मी पहाटेपासून स्वयंपाकघरात होते. मालकिणीने शेगडी दिली होती आणि दारात उभी राहून माझ्या पोळ्या बघत होती. काळ्या गुळाने पुरण चॉकलेटी झालं होतं, पोळ्या फाटत होत्या. तिने एका फाटक्या पोळीचा तुकडा उचलून तोंडात टाकला, डोळे मोठे केले आणि अंगठा वर केला. रस्सा आबांनी स्वतः केला. डबा उघडून मसाला घालताना ते जरा थांबले आणि मग सगळा डबा उपडा केला.

मडकं विहिरीशेजारच्या कट्ट्यावर ठेवलं. त्यावर छोटं मडकं ठेवायची पद्धत, पण दह्याच्या मडक्याचं तोंड परातीसारखं रुंद, त्यामुळे छोटं मडकं आत गडप झालं. ड्रायव्हर हसू दाबत वळला. आबांनी छोटं मडकं काढून शेजारी ठेवलं आणि त्यात आंबा ठेवला. "चालस," ते म्हणाले. मग मालकिणीने पोहरा काढून दिला आणि आबा ओतू लागले. त्यांचा हात सावकाश चालला होता. पाणी अर्ध्यावर आलं, गळ्याशी आलं, काठाच्या दोन बोटं खाली आलं, आणि आबा थांबले.

तिथे कुठलीही रेघ नव्हती. पण मला ती दिसली, आणि मला वाटतं त्यांनाही दिसली. त्यांचा हात तसाच हवेत राहिला.

मालकीण पुढे झाली. तिने त्यांच्या हातातून पोहरा घेतला, आणि ओतत राहिली. पाणी काठाला आलं, काठावर थरथरलं, आणि सांडलं. आबांनी "बस, बस" म्हणायला तोंड उघडलं होतं. ती थांबली नाही. पाणी मडक्याच्या अंगावरून कट्ट्यावर आलं, कट्ट्यावरून आबांच्या पायांवर. पोहरा रिकामा झाला तेव्हा तिने तो खाली ठेवला आणि हात जोडले.

मी ड्रायव्हरला विचारलं, ती असं का करते? त्याने तिला विचारलं, तिने सांगितलं.

"मिस, हमारे में भी ऐसा है. कोई मर जाता है तो घरवाले पानी डालते हैं, भर के बाहर गिरना चाहिए. तब उसको पहुँचता है. बोलती है, दो साल पहले अपने हस्बैंड के लिए ऐसे ही डाला था."

मी आबांकडे पाहिलं. आबा आपल्या ओल्या पायांकडे बघत होते.

"आबा, ही सवाष्ण नाही."

"माले ठाऊक व्हतं," ते म्हणाले. "काल नवराना फोटो दाखाडा तिनी. आत भिंतीवर शे, दिवा लावेल."

"मग?"

मालकीण आणि ड्रायव्हर आमच्याकडे बघत होते, एक जण काही न कळून आणि एक जण थोडं कळून.

"तुनी माय कोना संगे जेवे दुपारले?" त्यांनी मला विचारलं.

मला विचार करावा लागला नाही. आमच्या शेजारची मावशी, तीही साड्यांचे धागे कापायची. तिचा नवरा लवकर गेला होता. वीस वर्षं दोघी दुपारी एकाच ताटात जेवल्या. गल्लीत हळदीकुंकू असलं की ती दार लावून बसायची, आणि माय आधी तिला ताट नेऊन द्यायची, मग हळदीकुंकवाला जायची. मायने याबद्दल कधी कुणाशी वाद घातला नाही. फक्त ताट नेलं.

"हीनं जेवण तुनी मायले पावीन," आबा म्हणाले. "दुसरीनं पावो न पावो."

मी ताट वाढलं. चॉकलेटी पुरणपोळ्या, आंब्याचा रस, भजी, भात, वाटीत रस्सा, आणि दुकानदाराने दिलेलं दही. मालकीण मायच्या जागी बसली, म्हणजे जी जागा आबांनी पुसून, चटई घालून ठरवली होती तिथे. ड्रायव्हरला शेजारी बसवलं. आबांनी तिच्या ताटाजवळ पाण्याचा ग्लास ठेवला, आणि मी दचकले. तोच होता, स्टीलचा, काळ्या रेघेचा. प्रवासात आम्ही नेहमी तोच नेतो, आणि कुणी दुसरा भरायचं लक्षात ठेवलं नव्हतं. इतके दिवस तो बॅगेच्या तळाशीच होता, आबांनीही तो आत्ताच पाहिला असावा. त्यांनी तो उचलला नाही.

मालकिणीने पोळी खाल्ली, रस खाल्ला आणि मग भातावर रस्सा घेतला. ड्रायव्हरनेही घेतला, फुशारकीने, मोठा घास.

आधी ड्रायव्हर थांबला. त्याच्या कपाळावर घाम उभा राहिला. मग तो खोकला.

"अंकल," तो म्हणाला, "ये गुजरात का नहीं है."

"मी सांगं व्हतं तुले," आबा म्हणाले.

मालकिणीचे डोळे भरून आले होते. ती हसत होती, पदर नव्हता म्हणून झग्याच्या बाहीने नाक पुसत होती, आणि तरी पुन्हा रस्सा घेत होती. तिने ग्लास उचलला, एका दमात रिकामा केला आणि पुढे केला. आबांनी तांब्या उचलला. पाणी रेघेला आलं, रेघेच्या वर गेलं, काठाला आलं. तिने तोही संपवला. आबांनी पुन्हा ओतलं. बाहेर कौलांवर टपटप सुरू झाली होती, आधी एक, मग पुष्कळ, आणि कुणीच उठून मडकं आत आणलं नाही.

"आनखी?" आबा विचारत होते. "आनखी लेस?"

तिने ग्लास पुढे केला.